नळाची बेल आणि कोचीची गाडी

आमच्या वस्तीत नळाला दिवसाआड पाणी येते आणि येण्याची वेळ ठरलेली नसते. कधी रात्री दीड, कधी पहाटे चार. इतकी वर्षे या पाण्यासाठी जागरण कोणी केले? आधी माझ्या आईने आणि नंतर माझ्या पत्नीने. मी रात्रपाळीला असलो की सुटलो! नगरच्या (आता अहिल्यानगर म्हणायचे) एमआयडीसीत मी वायरमन आहे. शिक्षण आयटीआय. मशीनचे पॅनेल, काँटॅक्टर, टायमर हा माझा रोजचा व्यवहार. कारखान्यातले मशीन तेलाची पातळी स्वतः ओळखते आणि कमी झाली की भोंगा वाजवते. मग घरच्या नळाला एवढे का जमू नये? २०१५ च्या उन्हाळ्यात हा विचार डोक्यात शिरला आणि माझा छंद सुरू झाला.

भगिनींनो, ही युक्ती सोपी आहे म्हणून सांगतो. नळाच्या प्लास्टिकच्या पाइपात स्टीलचे दोन स्क्रू जवळजवळ बसवायचे. पाइप कोरडा असतो तोवर दोघांमध्ये वीज जात नाही. पाणी आले की त्यातल्या क्षारांमुळे किंचित वीज वाहते. तेवढ्या इशाऱ्यावर पाच-सात रुपयांचा ट्रान्झिस्टर बझर वाजवतो. सगळे काम पाच व्होल्टवर, शॉक लागण्याची भीती नाही. बाजारात भिंगरीचा फ्लो सेन्सर मिळतो, पण आपल्याकडे तो कामाचा नाही. नळाला पाण्याच्या आधी हवा येते, भिंगरी हवेनेच फिरते आणि बेल फुकट ओरडते. स्क्रूला हवेने फसवता येत नाही. त्याची खोड वेगळी. सतत एकाच दिशेने वीज दिली तर दोघांपैकी एक स्क्रू महिन्या-दोन महिन्यांत खाल्ला जातो. म्हणून दर काही सेकंदांनी क्षणभर वीज द्यायची आणि दर खेपेला दिशा उलटी करायची. हे हाताने होणारे काम नव्हे, त्याला प्रोग्राम हवा.

प्रोग्राम म्हटल्यावर आमच्या घरात पहिला प्रश्न पैशाचा निघाला. शांघायच्या एका कंपनीची ईएसपी ८२६६ नावाची चिप २०१४ मध्ये बाजारात आली होती. वायफाय असलेली, नखाएवढी. बोर्डासकट दोनशे-तीनशे रुपयांना पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळायची. पत्नीने हिशेबाच्या वहीत ‘चिप’ असे वेगळे पान केले. एका महिन्यात त्या पानावरचा आकडा किराण्याच्या जवळ गेला, तेव्हा तिने ते पान शब्द न बोलता माझ्या डब्यात ठेवले! पुढचे तीन महिने मी ओव्हरटाइमच्या पैशांतूनच सामान आणले.

परिषदा म्हणजे काय, हे मला माहीत नव्हते. पायथन ही प्रोग्राम लिहिण्याची भाषा आहे. हॉलंडच्या गिडो व्हॅन रॉसम यांनी १९८९ च्या नाताळात तिचे काम हाती घेतले आणि १९९१ मध्ये ती जगाला मोफत दिली. तिच्या लोकांचा देशपातळीवरचा मेळावा, पायकॉन इंडिया, २०११ साली पुण्यात भरला होता. तेव्हा आम्हा नगरकरांना, निदान मला तरी, त्याची गंधवार्ता नव्हती. फेब्रुवारी २०१७ मध्ये पुण्यात ‘पायकॉन पुणे’ झाली. ती बातमी मला कारखान्यात शिकाऊ म्हणून आलेल्या एका डिप्लोमाच्या मुलाने दिली. पहाटेची एसटी, सुपे-शिरूर-वाघोली, आणि दिवसाची बिनपगारी रजा.

आत गेल्यावर गळ्यात नावाचे कार्ड. सगळ्यांची विचारपूस एकच, “कुठल्या कंपनीत?” मी “वायरमन, नगर” म्हणालो की समोरचा क्षणभर थांबायचा. काही जण त्यानंतर माझ्याशी अधिक बोलले, काही जण चहाकडे वळले. एकाने आडनाव दोनदा विचारून घेतले, मग गाव, मग गावात घर कोणत्या बाजूला. अशी चौकशी कशासाठी असते हे आपल्या वाचकांना सांगायला नको. मी त्याला घराऐवजी नळाची गोष्ट सांगितली.

तिथले इंग्रजी मला निम्मे कळले. पण एक भाषण पूर्ण कळले. बेळगावचे भौतिकशास्त्राचे शिक्षक प्रवीण पाटील यांचे. ‘एक्स्पआइज’ नावाची हातात मावणारी प्रयोगशाळा आहे. दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी अॅक्सिलरेटर सेंटरमध्ये अजित कुमार यांनी ती घडवली, आणि तिचा आराखडा सर्वांना खुला आहे. संगणकाला जोडायची आणि शाळेतले प्रयोग करायचे. तिला नुसती एक मोकळी वायर लावली तरी भिंतीतल्या विजेची लाट पडद्यावर दिसते. सेकंदाला पन्नास हेलकावे! इतकी वर्षे ज्या विजेत माझे हात आहेत, तिचे रूप असे बिनपैशाच्या वायरने पाहता येते, हे ऐकून मी खुर्चीच्या कडेवर आलो. शाळेत असताना आमच्या प्रयोगशाळेचे कपाट वर्षातून एकदा तपासणीला उघडायचे.

तिथेच एका मुलाने ‘मायक्रोपायथन’ दाखवले. डेमियन जॉर्ज या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने पायथन भाषा लहान चिपमध्ये मावेल अशी करून ठेवली आहे आणि ती माझ्या ईएसपीवर चालते. मग स्क्रूची दिशा उलटी करण्याचा प्रोग्राम पंचवीस-तीस ओळींत झाला. शिवाय ही चिप स्वतःचे छोटे वायफाय तयार करते. त्याला इंटरनेट नको, रिचार्ज नको. एका नळावर स्क्रू आणि चार घरांत बेल, अशी आमची पहिली जोडणी २०१८ च्या मार्चमध्ये झाली. पत्नी त्या रात्री सलग झोपली. सकाळी म्हणाली, “बेल वाजल्यावर हंडे भरायलाही काहीतरी बनवा, नाहीतर तुम्ही उठा.” तेव्हापासून एका दिवसाआड मी उठतो.

पुढे समाजमंदिरातल्या अभ्यासिकेला एका कार्यालयाने मोडीत काढलेले दोन संगणक मिळाले. त्यांवर नवी विकतची प्रणाली चालणे शक्य नव्हते. मी डेबियन घातली. १९९३ पासून जगभरचे स्वयंसेवक ती बनवतात आणि फुकट वाटतात. तिची मांडणी मराठीतून करता येते. इनस्क्रिप्ट कळफलकही सोबतच येतो, स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. आठवीची मुले तो पंधरा दिवसांत शिकली. मराठी भाषांतरात जिथे शब्द चुकीचे किंवा अवघड वाटले, ते मी आणि माझ्या मुलीने लिहून पाठवायला सुरुवात केली.

याच कामाच्या जोरावर २०२३ च्या सप्टेंबरमध्ये मी कोचीला गेलो. डेबियनची जागतिक परिषद, डेबकॉन, दरवर्षी वेगळ्या देशात होते. भारतात ती पहिल्यांदाच भरत होती. राहणे, जेवण आणि प्रवास यासाठी मदत मागता येते, हे आपल्या तरुणांनी लक्षात ठेवावे. अर्ज मुदतीत करायचा आणि काय काम केले, का यायचे आहे ते सरळ लिहायचे. पदवी नाही म्हणून माझे अडले नाही. पुण्याहून एर्नाकुलमची गाडी, कोकणातला पाऊस आणि डब्यात पत्नीने दिलेल्या शेंगदाण्याच्या चटणीची बाटली.

कोचीला मला सर्वांत नवल वाटले ते परदेशी पाहुण्यांचे नव्हे, केरळच्या पोरांचे. तिथल्या सरकारी शाळांमध्ये २००१ पासून संगणक शिक्षणाचा प्रकल्प चालला आणि त्यातूनच शाळांमध्ये मुक्त प्रणाली आली. जी गोष्ट आम्ही मोडीतल्या दोन संगणकांवर करतो ती तिथे सगळ्या राज्याची रीत आहे. मल्याळम भाषेचे फाँट स्वयंसेवकांनी बनवून फुकट दिले आहेत. त्यांतल्या एकाने मला विचारले, “मराठीसाठी तुमच्या गावात किती जण काम करतात?” मी म्हणालो, “दोन. एक मी, एक माझी मुलगी.” तो हसला नाही. त्याने वहीत दोघांची नावे लिहून घेतली.

मुलगी तेव्हा डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला होती. पुढच्या वर्षी सप्टेंबर २०२४ मध्ये पायकॉन इंडिया बंगळुरूला होती. तिने स्वतःच मदतीचा अर्ज केला, तो मंजूर झाला, आणि मग घरात खरा प्रश्न उभा राहिला. माझी आई म्हणाली, “तरणी पोर एवढ्या लांब, बरोबर घरचं कोणी नाही?” मलाही आतून भीती होतीच. निर्णय पत्नीने दिला. ती म्हणाली, “आत्याबाई, मी वीस वर्षं रात्री दीडला एकटी नळावर उभी राहिले, तेव्हा लांब-जवळ कुणी विचारलं नाही.” आई गप्प बसली. जाताना तिनेच नातीच्या हातात पाचशेची नोट ठेवली. मुलगी वर्गमैत्रिणीबरोबर गेली. पायथन शिकणाऱ्या मुली-बायकांची ‘पायलेडीज’ नावाची संघटना २०११ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झाली, तिच्यातल्या भगिनी तिला तिथे भेटल्या. पाच मिनिटांच्या छोट्या भाषणांच्या वेळी तिने आमची नळाची बेल मोडक्या इंग्रजीत मांडली.

तिथे एका श्रोत्या बाईंनी तिला विचारले, बेल वाजल्यावर पाणी सर्वांना पुरते का? हा प्रश्न घेऊनच ती परतली, कारण उत्तर आम्हाला ठाऊक होते. तोवर जुना राऊटर आणि बॅटरी लावून बेल अकरा घरांत गेली होती. बेल झाली की ज्यांच्याकडे मोटर आहे ते सगळे एकाच वेळी बटण दाबत. लाइनच्या शेवटच्या तीन घरांना पूर्वी निदान इतरांच्या झोपेमुळे पाणी मिळायचे, आता ते हंडाभरही येईना. तिथल्या मावशींनी पत्नीला तोंडावर सांगितले, “तुमची बेल आमच्या मुळावर आली.”

मुलीने प्रोग्राम बदलला. पाणी आले की आधी शेवटच्या तीन घरांत बेल होते, मोटरवाल्या घरांत वीस मिनिटांनी. आमच्या घरी मोटर आहे, म्हणून आम्हीही वीस मिनिटांतच. दोन घरांनी रागाने बेल काढून परत दिली आणि पुन्हा जागरण सुरू केले. त्यांतल्या एकाने दिवाळीनंतर ती परत मागून नेली. दुसऱ्याशी बोलणे चालू आहे. वीसऐवजी पंधरा मिनिटे करा, असा त्यांचा आग्रह आहे. त्यावर शेवटच्या घरातल्या मावशी म्हणतात, आधी माझा पिंप भरायला किती वेळ लागतो ते येऊन मोजा. या रविवारी मुलगी घड्याळ घेऊन मोजायला जाणार आहे.