आभाराच्या यादीतली नावे

नाटक संपते. पडदा पडतो, पुन्हा उघडतो, सगळे कलावंत हात जोडून ओळीने उभे राहतात आणि कोणीतरी माईक हातात घेऊन आभार मानू लागते. नेमक्या त्याच वेळी प्रेक्षागृहातल्या खुर्च्या वाजू लागतात. कोणाला शेवटची बस गाठायची असते, कोणाला पार्किंगमधून गाडी काढायची असते. आभार हा काही नाटकाचा भाग नव्हे, अशी आपली समजूत असते. आम्ही मात्र अलीकडे आभार संपेपर्यंत बसून राहतो. त्यातही एखादी अभिनेत्री स्वतः लिहिलेले पहिले नाटक रंगमंचावर आणते, तेव्हा ती यादी कान देऊन ऐकावी असे आमचे मत झाले आहे. त्या यादीत कोण आहे ते कळते आणि कोण नाही तेही कळते.

आम्ही जुन्या नाशकातली, चौक मंडई आणि दूध बाजाराच्या आसपास वाढलेली नाटकवेडी माणसे. आमच्या गल्ल्यांतून निघाले की शालिमारला पायीच पोचता येते. तिथे महाकवी कालिदास कलामंदिर आहे आणि सार्वजनिक वाचनालयाचे परशुराम साईखेडकर नाट्यगृहही. वाचनालय १८४० सालचे. शिरवाडकर आणि कानेटकर हे दोन मोठे नाटककार याच गावात राहून लिहिते झाले. म्हणजे मराठी नाटक आमच्या उंबऱ्यापासून हाकेच्या अंतरावर होते. पण उंबरा ओलांडणाऱ्या मुली फार थोड्या होत्या. त्यांतलीच एक आमच्या मोहल्ल्यातली. कॉलेजच्या एकांकिका झाल्या, राज्य नाट्य स्पर्धेत इतरांच्या नाटकांतून कामे झाली आणि मग एके दिवशी तिने आम्हा चार-पाच जणांपुढे एक वही ठेवली. तिने स्वतः लिहिलेले दोन अंकी नाटक होते ते.

विषय होता मेहरचा. साठी ओलांडलेली एक बाई नवऱ्याच्या जनाज्याजवळ बसली आहे आणि घरातल्या बायका तिला रिवाजाप्रमाणे सांगत आहेत, "मेहर माफ कर." ती म्हणते, "नाही करत." एवढ्या एका नकारावर सारे नाटक उभे होते. मेहर हा बायकोचा हक्क, निकाहनाम्यात लिहिलेला. तो दिलेला नसेल तर नवऱ्यावरचे कर्ज ठरतो आणि वारसांत वाटणी होण्याआधी फेडावा लागतो, हे आपल्या घराघरांत माहीत असते. तरीही मयताच्या घरी रडणाऱ्या बाईकडून माफीचे दोन शब्द वदवून घेतले जातात. मुलीने कोणाला शिव्या दिल्या नव्हत्या, कोणाची टिंगल केली नव्हती. दीनच्या विरोधात तर एक अक्षर नव्हते. जे दीनने दिले ते रिवाजाने काढून घेतले, एवढेच तिचे म्हणणे होते.

दुसऱ्याच्या नाटकात काम करणे वेगळे आणि आपले नाटक उभे करणे वेगळे. अभिनेत्रीला चोख पाठांतर आणि वेळेवर तालीम एवढे जमले तरी पुष्कळ होते. स्वतःचे नाटक म्हटले की नव्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते, नाट्यगृहाची तारीख आणि अनामत लागते, तालमीला जागा लागते, नेपथ्याला लाकूड आणि कापड लागते, दिवे भाड्याने आणावे लागतात. शिवाय आईला सांगावे लागते की रोज रात्री दहापर्यंत मी कुठे असते. हे सगळे तिला एकटीला जमणे शक्य नव्हते. फर्निचरच्या दुकानदार चाचांनी वरचा माळा तालमीला दिला. शाळेतून निवृत्त झालेल्या सरांनी संहितेतले मराठी आणि दखनी दोन्ही तपासून दिले. शेजारच्या भाभीने सगळे पोशाख शिवले. आणि एका खालाने तिला ती मूळ गोष्ट सांगितली होती. ती खालाची स्वतःचीच गोष्ट होती. फरक एवढाच, की खालाने त्या दिवशी माफ करून टाकले होते.

प्रयोग झाला आणि चांगला झाला. मग मुलीने आभार मानायला सुरुवात केली. सरांचे नाव घेतले, प्रकाशयोजना करणाऱ्या मुलाचे घेतले, संगीत वाजवणाऱ्याचे घेतले, आणखीही काही नावे घेतली. शेवटी ती म्हणाली, "आणखी चार माणसे आहेत. त्यांच्याशिवाय हे नाटक झाले नसते. त्यांनी मला नाव घेऊ नकोस असे सांगितले आहे, म्हणून घेत नाही." टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेत बसलेली खालाही सर्वांबरोबर टाळ्या वाजवत होती.

बाहेर चहा पिताना आमच्यात वाद झाला. एक बाजू म्हणाली, मुलीने बरोबर केले. नाव नको म्हटले तर नको. उद्या मोहल्ल्यात कोणी विचारले, भांडण काढले, तर ते खालाला सोसावे लागेल, नाटकवाल्यांना नाही. दुसरी बाजू म्हणाली, हे खरे, पण असेच 'नाव नको, नाव नको' म्हणत आपण किती ठिकाणांहून पुसले गेलो, याचा हिशेब कोणी करायचा? दोन्ही बाजू आमच्याच होत्या आणि दोन्ही बाजू आम्हाला आजही पटतात. तरी दुसऱ्या बाजूचे म्हणणे जरा सविस्तर मांडावे असे वाटते, कारण ते मराठी रंगभूमीच्या इतिहासात जागोजागी दिसते.

आमच्या नाशकातले विजयानंद थिएटर सर्वांना माहीत आहे ते २१ डिसेंबर १९०९ च्या रात्रीमुळे. अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या तेव्हा तिथे किर्लोस्कर मंडळींचे 'शारदा' होते. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीचे हे नाटक, पण त्या काळच्या रिवाजाप्रमाणे तिची भूमिका करायचा तो पुरुषच. बाईचे दुःख रंगमंचावर चालत होते, बाई चालत नव्हती. आणि जिथे बाई चालत नव्हती, तिथे मुसलमान वादक मात्र होते आणि मानाने होते. गंधर्व नाटक मंडळीचे नाव निघाले की तबल्यावर अहमदजान थिरकवाँ आणि सारंगीवर कादरबक्ष ही नावे आपोआप ओठांवर येतात. साथीदारांची नावे रसिकांनी इतकी जपली याचा आम्हाला आनंद आहे. पण त्याच मंडळीत गोहरबाई कर्नाटकी आल्या, बालगंधर्वांबरोबर नायिका म्हणून उभ्या राहिल्या आणि १९६४ साली जाईपर्यंत पडत्या काळात त्यांच्यासोबत राहिल्या. त्यांचे नाव पुष्कळांनी आभारासाठी नव्हे, दोष देण्यासाठीच घेतले. साथ देणाऱ्या पुरुषाला 'साथीदार' म्हटले गेले आणि साथ देणाऱ्या बाईला भलतेच काही.

याच काळात एका गायिकेने आपल्या घरच्या माणसांना घेऊन नाटके उभी केली. हिराबाई बडोदेकर. किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांची ही मुलगी १९०५ साली मिरजेत जन्मली, तेव्हा तिचे नाव होते चंपाकली. १९२२ च्या सुमारास आईवडील वेगळे झाले, मुले आईबरोबर राहिली आणि त्यांची नावे बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, सकीनाच्या सरस्वतीबाई राणे झाल्या. बायकांनी तिकीट लावून जाहीर मैफल करणे नवलाचे होते त्या काळात हिराबाई ते करत होत्या. १९३० च्या आसपास या भावंडांनी नाटके केली ती स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांकडेच देऊन. जुन्या संगीत नाटकांबरोबर 'साध्वी मीराबाई'ही केले, त्यात मीरा हिराबाईंची. पुढे १९७० साली त्यांना पद्मभूषण मिळाले. त्या आईने मुलांची नावे का बदलली, कोणत्या अडचणीत बदलली, याचा निवाडा आज आम्ही करू नये. तिच्यापुढे मुलांना जगवण्याचा आणि उभे करण्याचा प्रश्न होता आणि तो तिने सोडवला. आमचे म्हणणे इतकेच, की ज्या घराने मराठी माणसाला एवढे गाणे दिले, त्या घरातले चंपाकली आणि सकीना हे शब्द आज मराठी माणसाला शोधून काढावे लागतात.

मग ३०-४० वर्षांत काही बदलले. २४ डिसेंबर १९६७ रोजी पुरुषोत्तम दारव्हेकरांचे 'कट्यार काळजात घुसली' रंगमंचावर आले. त्यात झरीनाच्या भूमिकेत सोलापूरची एक मुलगी होती आणि जाहिरातीत तिचे नाव होते तसेच छापले होते: फैयाज. पुढे आमच्या शिरवाडकरांच्या 'वीज म्हणाली धरतीला' मधले पद याच आवाजात घरोघरी पोचले. २०१५ साली बेळगावच्या अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षपदी फैयाज यांचीच निवड झाली. नाव न बदलता, न लपवता हे झाले. आमच्या मोहल्ल्यातल्या आयांना मुलीला तालमीला पाठवताना जो थोडाफार धीर येतो, त्यात या एका शब्दाचा वाटा आहे.

स्वतःचे नाटक स्वतः लिहून स्वतःच सादर करण्याची गोष्ट निघाली की आम्हाला सुषमा देशपांडे यांचे 'व्हय मी सावित्रीबाई' आठवते. १९८९ साली सुरू झालेला हा एकपात्री प्रयोग. लेखिका त्याच आणि सावित्रीबाईही त्याच. मोठे नेपथ्य नाही, फौजफाटा नाही, गावोगाव जाऊन करता येईल असे नाटक. नऊवारीतली एक बाई उभी राहते आणि आपले आयुष्य सांगते. पहिले नाटक करू पाहणाऱ्या कितीतरी मुलींना यातून कळले की थिएटर नसेल तर शाळेचा वर्ग चालतो आणि कंपनी नसेल तर एकटी बाई चालते.

आणि सावित्रीबाई म्हटले की आपल्याला फातिमा शेख आठवणारच. १८४९ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंना घर सोडावे लागले, तेव्हा त्यांना आसरा दिला तो पुण्याच्या उस्मान शेख यांनी. शाळेच्या कामात सावित्रीबाईंच्या सोबत फातिमा होत्या. पण फातिमांनी स्वतः लिहिलेले काही आपल्यापर्यंत आलेले नाही. त्यांचा भक्कम पुरावा कोणता? १० ऑक्टोबर १८५६ चे एक पत्र. आजारपणात माहेरी, नायगावला गेलेल्या सावित्रीबाई जोतीरावांना लिहितात आणि मागे राहिलेल्या कामाचा सगळा भार फातिमावर पडला असेल याची काळजी करतात. ती तक्रार करणार नाही, अशी खात्रीही देतात. एवढाच उल्लेख. जानेवारी २०२५ मध्ये एका लेखकाने जाहीर सांगून टाकले की फातिमा शेख हे पात्र आपणच रचले होते. गदारोळ झाला आणि लोक पुन्हा त्या पत्राकडेच वळले. पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका आजारी बाईने मैत्रिणीचे नाव घालून एक वाक्य लिहिले, म्हणून ती मैत्रीण आज आपल्याकडे आहे. ते वाक्य लिहिताना इतिहासासाठी काही लिहितो आहोत असे सावित्रीबाईंना वाटलेही नसेल. त्यांनी फक्त सोबतिणीची जाणीव ठेवली होती.

आभार म्हणजे हेच, असे आम्हाला वाटते. जाणीव ठेवणे आणि ती नावासकट ठेवणे. नुसते 'सर्व ज्ञात-अज्ञात हितचिंतक' म्हटले की ज्ञातही अज्ञातांत जमा होतात.

तेव्हा पहिले नाटक घेऊन उभ्या राहणाऱ्या मुलींना आमचे सांगणे असे. ज्याने नाव नको म्हटले त्याचे नाव घेऊ नका. तो त्याचा हक्क आहे आणि त्याच्या घराचे छप्पर तोच ओळखतो. पण विचारा. एकदा विचारून थांबू नका, पाचव्या प्रयोगाला पुन्हा विचारा, पंचविसाव्याला पुन्हा विचारा. लोकांचे बोलणे ओसरते, भीतीही ओसरते. आणि घरच्या वहीत, संहितेच्या शेवटच्या पानावर, सगळी नावे आजच लिहून ठेवा: कोणी जागा दिली, कोणी शिवले, कोणी गोष्ट सांगितली. छापायचे की नाही ते पुढे ठरेल.

पण खरे सांगणे त्या मुलींना नाहीच. ते आपल्याला आहे: माळा देणाऱ्या चाचांना, शिवणाऱ्या भाभींना, आम्हाला आणि तुम्हाला. आपण मदत करतो, पैसे देतो, दुआ देतो आणि नाव द्यायची वेळ आली की मागे सरतो. मुलगी मात्र स्वतःचे नाव, बापाचे नाव आणि स्वतःचा चेहरा घेऊन दिव्यांसमोर उभी राहते. तिला लागणारी सर्वांत मोठी मदत लाकूड-कापडाची नाही. लोक बोलतील तेव्हा त्या बोलण्याची वाटणी व्हावी, तिच्या एकटीवर सगळे पडू नये, ही मदत तिला हवी असते. यादीत दहा नावे असली तर बोलणारा दहा घरांविषयी बोलतो आणि दहा घरांविषयी बोलायला माणूस जरा कचरतो.

मेहरबद्दल ते नाटक जे सांगत होते, ते नावालाही लागू पडते. जे आपले आहे ते घाईत, रडवेल्या मनाने, रिवाज म्हणून माफ करून टाकू नये. पुढच्या वेळी कोणी मुलगी येऊन विचारील, "चाचा, खाला, तुमचे नाव घालू का?" तेव्हा क्षणभर थांबावे, आणि जमत असेल तर म्हणावे, "घाल. पूर्ण नाव घाल."