पळसखेडचें गाणें

अजिंठ्यास जाणारे प्रवासी बहुधा लेणीं पाहून संध्याकाळच्या आंत छत्रपति संभाजीनगरास (2023 पर्यंत या शहराचें सरकारी नांव औरंगाबाद होतें) परततात. घाट उतरून, फर्दापूर ओलांडून सोयगांव तालुक्यांतील पळसखेडकडे वळणारे फारच थोडे. यंदा आम्हीं सहकुटुंब तिकडे गेलों, आणि तेंही एका गाण्यासाठीं.

'मी रात टाकली' हें गाणें ज्या घरांत कोणासच ठाऊक नाहीं असें मराठी घर विरळा. 1977 सालीं डॉ. जब्बार पटेल यांनीं दिग्दर्शिलेल्या 'जैत रे जैत' या चित्रपटांतील तें गाणें. चाल पंडित हृदयनाथ मंगेशकरांची, स्वर लतादीदींचा आणि शब्द ना. धों. महानोरांचे. या साऱ्यांच्या मागें उभी आहे ती गो. नी. दांडेकरांची त्याच नांवाची कादंबरी. गाणें घरोघर पोहोंचलें. कादंबरी मात्र त्या मानानें थोड्याच घरांत उघडली गेली.

कादंबरीची भूमि रायगड जिल्ह्यांतील कर्नाळ्याच्या पायथ्याची, ठाकरांच्या वस्तीची. ढोल वाजविणारा नाग्या, डोंगराच्या सुळक्यावर लोंबणारीं आग्या मोहोळें आणि राणीमाशीच्या दर्शनाचा त्याचा ध्यास. चित्रपटांत त्या माशांच्या डंखानें त्याचा एक डोळा जातो आणि ज्या डोंगरास तो देव मानीत आला त्याच्याशींच त्याचें वैर जडतें.

महानोरांचें गांव त्या मुलखापासून फार दूर. इकडे काळी जमीन, ज्वारी आणि कापूस. पाणी वाघूर नदीचें, तें पुढें तापीस मिळतें. जिल्हा मराठवाड्याचा खरा, पण बोलीवर खानदेशची छाया पडलेली. 16 सप्टेंबर 1942 रोजीं महानोर येथें जन्मले. जळगांवास कॉलेजांत गेले, पण शिक्षण अर्ध्यावर टाकून शेतीकडे परतले. 1967 सालीं 'रानातल्या कविता' प्रसिद्ध झाल्या, आणि नांगर धरणाऱ्या हाताची ही कविता पाहून जाणते वाचक चकित झाले. गांवच्या बायकांच्या तोंडचीं लोकगीतेंही त्यांनीं जमविलीं. 3 ऑगस्ट 2023 रोजीं पुण्यास त्यांचें निधन झालें. कर्नाळ्याच्या ठाकरांना गाणीं मिळालीं तीं या शिवारांतून, आणि तीं त्यांच्या तोंडीं उपरीं वाटत नाहींत, याचें रहस्य आमच्या मतें त्या बायकांच्या ओव्यांत शोधावें.

कापसाची वेचणी चालली होती. काकूंनीं बांधावरूनच विचारिलें, "मावशी, वेचतांना गाणीं म्हणतां ना?" कंबर सरळ करीत ती बाई म्हणाली, "गाणं आता मोबाइलवर लागतं, ताई. हात तेवढे आमचे." आणि हंसून पुन्हा बोंडांकडे वळली.

झाडाखालीं शिदोरी सोडली तेव्हां तेंच गाणें निघालें, आणि वहिनींनीं कथा सांगितली. चित्रपटांत तें गाणें चिंधीचें आहे. ही भूमिका स्मिता पाटील यांनीं केली. नकोसा संसार टाकून आलेली, मनाजोगत्या पुरुषाकडे ताठ मानेनें पाहणारी ती स्त्री. 'जैत' म्हणजे विजय. चित्रपटांत मोहोळावर तो मिळतोही, पण चिंधी त्यांत जिवास मुकते.

काकू कांहीं वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "आपण तर हें हळदीला म्हणतों! नवऱ्याचें घर सोडल्याचें गाणें नवरीपुढें?"

"म्हणावें कीं, काकू," वहिनी म्हणाल्या, "पण तें कोणाचें आहे हें नवरीला सांगून."

आम्हीं वहिनींच्या बाजूचे. गाणें असें सुटें होऊन फिरूं लागलें कीं त्यांतील बाई हरवते आणि ठेका तेवढा उरतो. विलायतेंतही असेंच आहे. केट बुश या मुलीनें अठराव्या वर्षीं एमिली ब्राँटीच्या 1847 सालच्या 'वदरिंग हाइट्स' या कादंबरीवर गाणें रचिलें, तेंही नायिकेच्या तोंडचें. 1978 सालीं तें तेथें पहिल्या क्रमांकास चढलें. त्या मुलीसही कथेची पहिली ओळख दूरचित्रवाणीवर, आणि तीही शेवटच्या कांहीं मिनिटांची, झाली होती. पुस्तक तिनें मागाहून वाचिलें. तिचें तें गाणें गुणगुणणाऱ्या कितीजणांनीं कॅथीची कबर कोठें आहे हें पुस्तकांत शोधिलें असेल?

परततांना लेण्यांच्या कड्यावर आग्या मोहोळें पाहिलीं. येथेंही या माशा प्रवाशांवर उठल्याच्या घटना घडल्या आहेत. मुलें नाग्याचा डोळा आठवून एकमेकांस चिकटून चाललीं. रात्रीं शहरांत पोहोंचल्यावर औरंगपुऱ्यांतील पुस्तकांचें एक दुकान अजून उघडें होतें, तेथें कादंबरी मिळाली. वहिनींनीं ती हातांत घेतली होती, पण परतीच्या गाडींत पहिलें पान उघडलें तें काकूंनीं.