गाजराचं पाणी

ओव्हन लागत नाही, या एका गुणावर कॅरट केक ट्रफल आपल्याकडच्या स्वयंपाकघरांत शिरला आहे. किसलेलं गाजर, ओट्स, खजूर, अक्रोड, दालचिनी-जायफळाची पूड आणि थोडं क्रीम चीज एकत्र करायचं, लिंबाएवढे गोळे वळायचे, वितळवलेल्या व्हाइट चॉकलेटात बुडवायचे आणि फ्रिजमध्ये ठेवायचे, झालं. आणि मग दुसऱ्या दिवशी डबा उघडावा तर गोळे बुडाशी बसलेले, चॉकलेटला बारीक चिरा गेलेल्या आणि त्या चिरांतून केशरी चिकट थेंब बाहेर आलेले. कृती पुन्हा वाचून चूक सापडत नाही, कारण मापं बरोबरच असतात. माझं म्हणणं असं, की ओव्हन वगळल्यानं काम कमी होत नाही, ते हातांवर येऊन पडतं. आणि त्यातलं मुख्य काम म्हणजे गाजरातल्या पाण्याची व्यवस्था लावणं. या कामाची रीत मराठी स्वयंपाकघराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. केकची पळवाट म्हणून या पदार्थाकडे पाहिलं तर तो फसतो. लाडू म्हणून पाहिलं तर जमतो.

गाजर हाताला टणक लागतं, म्हणून ते कोरडं वाटतं. प्रत्यक्षात त्याच्या वजनातलं सुमारे 88 टक्के पाणी असतं. म्हणजे पाव किलो गाजर किसून परातीत घेतलं, की त्यात जवळजवळ 220 ग्रॅम, चांगला पेलाभर पाणीच घेतलेलं असतं. ते दिसत नाही, कारण पेशींच्या भिंतींआड कोंडलेलं असतं. किसणीनं त्यातल्या कितीतरी भिंती फाटतात, आणि जवळ मीठ किंवा साखर आली की उरलेल्या पेशींतूनही पाणी बाहेर ओढलं जातं. कॅरट केकमध्ये हे पाणी गुण ठरतं. ओव्हनच्या उष्णतेत त्यातलं थोडं वाफ होऊन जातं, बरंचसं मैद्यातला स्टार्च फुगताना शोषून घेतो, आणि अंड्यातली प्रथिनं घट्ट होऊन सगळा सांगाडा जागच्या जागी धरतात. केकच्या पोटातलं तापमान 100 अंशांच्या वर जात नाही, पण एवढं सगळं घडायला ते पुरतं. दोन दिवसांनीही हा केक मऊ राहतो तो याच बांधल्या गेलेल्या पाण्यामुळे आणि लोण्याऐवजी वापरलेल्या तेलामुळे. ओव्हन वगळला, की पाणी तेवढंच राहतं आणि त्याला धरून ठेवणारं कुणी उरत नाही.

आपल्याकडे गाजराचं पाणी घालवायची जुनी रीत म्हणजे आग. गाजर हलव्यात किसलेलं गाजर दुधात शिजत राहतं, तासाभरात गाजराचं आणि दुधाचं पाणी आटतं, आणि तूप सुटू लागलं की हलवा झाला असं आपण म्हणतो. तूप कडेला दिसणं हीच पाणी गेल्याची खूण. ट्रफलमध्ये ही सोय नाही, तेव्हा दुसरी रीत पाहावी लागते, आणि ती खमंग काकडीत सापडते. चोचवलेली काकडी पिळून घेतल्याशिवाय दाण्याचं कूट घालायचं नाही, नाहीतर वाढेपर्यंत कोशिंबिरीला पाणी सुटून कुटाचा लगदा होतो, हे कुणाला शिकवावं लागत नाही. तोच नियम इथे लागू आहे. गाजर बारीक किसणीनं किसावं, चिमूटभर मीठ लावून दहा मिनिटं ठेवावं, मग मलमलच्या फडक्यात घेऊन पिळावं. पहिल्या पिळ्याला रस धार लागून पडतो. मग हात थांबतो, आणि इथेच बहुतेकांची गफलत होते. पुरचुंडी सोडून कीस मोकळा करून, पुन्हा बांधून दुसऱ्यांदा पिळलं की आणखी रस निघतो. पिळलेला कीस मुठीत दाबला तर ओलसर लागावा, पण मूठ उघडल्यावर तळहातावर पाणी दिसू नये. तो आता मूळच्या मानानं इतका थोडा दिसतो, की गाजर कमी पडलं असं वाटून आणखी किसायचा मोह होतो. तो आवरावा.

पाणी काढून झालं की प्रश्न येतो बांधण्याचा. लाडू वळला जातो तो काही ना काही चिकटपणाच्या बळावर: बेसनाच्या लाडवात तूप थिजून बांधतं, तिळगुळात चिकीच्या गुळाचा पाक, दाण्याच्या लाडवात कुटताना सुटलेलं तेल आणि गूळ. ट्रफलमध्ये हे काम खजूर करतो. खजुराच्या वजनात दोन तृतीयांशाच्या आसपास साखर असते, तीही बरीचशी ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या रूपांत, जी सहसा खडे धरत नाही आणि आसपासचं पाणी स्वतःकडे खेचते. म्हणून खजूर चिकट राहतो, आणि म्हणूनच न पिळलेल्या गाजराशी त्याची गाठ घालणं धोक्याचं. तो गाजरातलं पाणी ओढत राहतो, स्वतः पातळ होत जातो, आणि रात्रभरात गोळा ढासळतो. दुसऱ्या दिवशी बाहेर आलेले ते केशरी थेंब म्हणजे खजुराचा पाकच. यावर सगळे करतात तो उपाय म्हणजे मिश्रण सैल वाटलं की मूठभर ओट्स आणखी घालणं. तो घाईचा आहे. पाकातले रव्याचे लाडू करणारी बाई मिश्रण पातळ दिसलं म्हणून त्यात कोरडा रवा टाकत नाही. झाकण ठेवून तास-दोन तास मुरू देते, कारण रव्याला फुगायला वेळ लागतो हे तिला माहीत असतं. ओट्सचंही तेच. मिश्रण अर्धा तास फ्रिजमध्ये झाकून ठेवलं, तर जे हाताला चिकटत होतं ते आपोआप वळण्याजोगं होतं. त्याआधी ओट्स ओतत गेलं की गोळे वळतात खरे, पण दुसऱ्या दिवशी खाताना घशाला कोरड पडते.

आता पहिला आक्षेप: याला केक कशासाठी म्हणायचं? जो फुगला नाही, भाजला नाही, ज्याला जाळी पडली नाही, तो केक नव्हेच. रचनेच्या बाजूनं हे मान्य करावं लागेल. मऊ, हवेशीर पोत ओव्हनशिवाय येत नाही. पण चवीच्या बाजूनं आक्षेप तितका भक्कम नाही. भाजल्याचा खरपूस वास केकच्या वरच्या पापुद्र्याला येतो. आतला भाग 100 अंशांच्या आतच राहिल्यानं त्याला तो मिळतच नाही. आतला तपकिरी रंग ब्राऊन शुगरचा आणि दालचिनीचा असतो. डोळे मिटून कॅरट केक ओळखायला लावला, तर आपण ओळखतो दालचिनी, जायफळ, अक्रोडाचा किंचित तुरटपणा आणि वरच्या क्रीम चीजचा आंबटपणा. गाजराची स्वतःची चव त्यात मागच्या रांगेत असते. या पदार्थाच्या इतिहासातही गाजर बहुधा दुसऱ्या कुणाच्या जागेवर आलेलं दिसतं. ब्रिटनमध्ये जानेवारी 1940 मध्ये साखरेचं रेशनिंग सुरू झालं आणि ते 1953 पर्यंत चाललं. त्या काळात तिथल्या अन्न खात्यानं भरपूर पिकणाऱ्या गाजराचा पुडिंग आणि केक गोड करण्यासाठी जोरात प्रचार केला, डॉक्टर कॅरट नावाचं एक व्यंगचित्रातलं पात्रसुद्धा त्यासाठी उभं केलं. क्रीम चीजचा थर चढवलेला, आज सर्वत्र दिसणारा केक त्यानंतरचा, अमेरिकेतला. जो पदार्थ टंचाईत आणि तडजोडीत असा बदलत आला, त्यानं ओव्हन सोडला म्हणून बाटला असं म्हणणं जरा जास्तच होईल.

पण खरपूसपणा पार सोडून द्यावा असंही नाही. आपल्या लाडवात आग आधी येते आणि आकार नंतर: बेसन, रवा, तीळ, शेंगदाणे आधी भाजून घ्यायचे, मग वळायचं. ट्रफलच्या बहुतेक कृती हा टप्पा गाळतात, आणि तिथेच त्यांची चव कच्ची राहते. ओट्स कोरड्या कढईत मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजावेत, अक्रोड वेगळे भाजून, गार झाल्यावर जाडसर कुटावेत. मिक्सरात फार फिरवले तर त्यांना तेल सुटतं आणि दाताखाली येणारा कण जातो. काही कृतींत ओट्सऐवजी कच्चा मैदा घालायला सांगतात, ते मात्र ऐकू नये. ओट्स कारखान्यात वाफवून चपटे केलेले असतात. मैदा म्हणजे दळलेला कच्चा गहूच, आणि तो न शिजवता खाण्यासाठी नसतो. गाजरही मातीतलं आहे आणि इथे शिजणार नाही, तेव्हा ते साल काढून, नीट धुऊन, पुसून मगच किसावं.

दुसरा आक्षेप जास्त घरगुती आहे आणि मला तो जास्त वजनदार वाटतो: हलवा असताना, खजुराचे लाडू असताना हे नसतं खूळ हवंच कशाला? याचं उत्तर चवीतच द्यायला हवं, हौसेत नाही. हलव्यात गाजर शिजून, दुधाशी एकजीव होऊन गोड होतं, आणि आपल्या बहुतेक लाडवांत गोडाला आंबटाची जोड नसते. ट्रफलमध्ये गाजर कच्चं राहतं, दाताखाली किंचित कुरकुरतं, आणि त्याला आंबटाची साथ मिळते. ही जोडी आपल्याला परकी म्हणावी तर श्रीखंडानं ती कधीच घरात आणून ठेवली आहे. म्हणून क्रीम चीजच्या जागी चक्का घालावा असं मी सुचवेन, आणि फक्त स्वस्त पडतो म्हणून नव्हे. दही फडक्यात टांगून रात्रभरात निवळ गाळून केलेला चक्का हाही पाणी काढूनच मिळवलेला पदार्थ आहे, आणि त्याचा आंबटपणा क्रीम चीजपेक्षा स्पष्ट असतो. फरक स्निग्धतेचा. क्रीम चीजमध्ये एक तृतीयांशाच्या आसपास स्निग्धांश असतो, तो फ्रिजमध्ये थिजून गोळ्याला आकार देतो; चक्क्यात तेवढा नसतो. म्हणून चक्का घेताना तो अगदी घट्ट घ्यावा आणि बरोबर चमचा-दोन चमचे तूप किंवा लोणी घालावं.

पौष्टिकतेच्या दाव्यांबद्दल थोडक्यात. साखर घातली नाही म्हणून हे गोड नव्हे, असं कुणी समजू नये. खजुरात साखर आहेच आणि व्हाइट चॉकलेटात वजनाच्या निम्म्याहून अधिक असते. कच्चं गाजर शिजवलेल्यापेक्षा सरस, हेही सरसकट खरं नाही. ज्या कॅरोटीनसाठी गाजराचं एवढं नाव, ते पेशींत अडकलेलं असतं आणि स्निग्ध पदार्थाबरोबरच नीट शोषलं जातं. बारीक किसणं आणि बरोबर अक्रोड-लोणी असणं यानं मदत होते, शिजवल्यानं आणखी होते. आणि रस पिळून टाकल्यावर सत्त्व गेलंच की, असं कुणी म्हणेल तर थोडं जातं, यात शंका नाही. रस केशरी दिसतो तो फुटलेल्या पेशींतले कण त्यात उतरल्यामुळेच. तो टाकू नये; त्यात कणीक भिजवावी, पोळ्या सुंदर रंगाच्या होतात. मीठ आधीच लागलेलं असतं, तेवढं लक्षात ठेवावं.

टिकण्याची गोष्टही शेवटी पाण्यापाशीच येते. बेसनाचा लाडू डब्यात कित्येक दिवस राहतो कारण त्यात पाणी जवळजवळ नसतंच; ओल्या नारळाचा लाडू त्यामानानं लवकर उतरतो. ट्रफल दुसऱ्या जातीचा आहे, कितीही पिळलं तरी. फ्रिजमध्ये चार दिवस, त्याहून जास्त भरवसा ठेवू नये. चॉकलेटचा थर हा नुसता नखरा नाही, तो ओल आत कोंडून ठेवणारं कवच आहे. पण ते कवच स्वतः पाण्याला फार भितं. वितळलेल्या चॉकलेटात पाण्याचा एखादा थेंब पडला की त्यातले साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना धरतात आणि पातळ चॉकलेटाची क्षणात घट्ट, रवाळ पेंड होते. गरम पाण्यावर भांडं ठेवून वितळवताना वाफ आत जाऊ देऊ नये, आणि फ्रिजमधून काढलेल्या गोळ्यावर दमट हवेत दव धरतं, ते टिपल्याशिवाय तो बुडवू नये. फार गार गोळाही नको. तो नंतर कोमट होताना फुगतो आणि कवचाला चिरा जातात. या सगळ्याला आपल्याकडे ऋतूची मर्यादा आहे. हिवाळ्यात बाजारात येणारी लाल गाजरं, जी भोगीच्या भाजीत आणि संक्रांतीच्या सुगडांत जातात, गोड आणि रसाळ असतात. ती दोनदा काय, तीनदाही पिळावी लागतील, पण त्या दिवसांत चॉकलेट नीट थिजतं. नारिंगी गाजर बारा महिने मिळतं म्हणून मे महिन्यात हा घाट घालायचा असेल, तर व्हाइट चॉकलेटातलं कोको बटर 34 अंशांच्या आसपास वितळतं आणि पुण्या-नागपुरातली दुपार त्याच्या बरीच वर असते, हे ध्यानात घ्यावं. त्या दिवसांत चॉकलेटाचा नाद सोडून गोळे भाजलेल्या सुक्या खोबऱ्याच्या किसात घोळवावेत आणि पाहुणे बसल्यावरच डबा फ्रिजबाहेर काढावा.