लग्नानंतरची काही वर्षं

गेल्या पावसाळ्यात कानाच्या डॉक्टरांनी तपासणीचा आलेख समोर ठेवला. खालच्या पट्टीतली रेघ सरळ होती, वरच्या पट्टीकडे ती घसरत गेली होती. स, श, थ, फ ही अक्षरं आधी जातात, असं ते म्हणाले. मला ते आधीच कळून चुकलं होतं. रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा मागे नेऊनही आजी ‘थोरली’ म्हणाल्या की ‘चोरली’, याचा निवाडा मला करता येत नव्हता. शब्दांकन करणाऱ्या बाईला एवढं कळलं नाही, तर कुणाच्या तरी जावेवर चोरीचा आळ यायचा.

मी ठाण्याजवळच्या दिव्यात राहते आणि आज्यांच्या आठवणी लिहून देते. कुणाची पंचाहत्तरी असते, कुणाचं सहस्रचंद्रदर्शन. मुलं-नातवंडं येतात आणि म्हणतात, आईचं लहानपण, तरुणपण सगळं लिहून द्या, छोटं पुस्तक करू. या कामात माझा कान चालत होता तेव्हा मला त्याचा फार गर्व होता. आजीचं माहेर अलिबागकडचं, उरणकडचं की कल्याणच्या वरच्या अंगाचं, हे मी दोन वाक्यांत सांगायची आणि घरची माणसं चकित झाली की मनातून फुलून जायची. आता आमच्याच इमारतीतली एक कॉलेजातली मुलगी माझ्यासाठी ऐकते आणि टंकते. ती शिकायला आली, असं सगळ्यांना सांगते मी. कानाचं फार थोड्यांना ठाऊक आहे.

पण कान शाबूत असतानाही जे मला कधी नीट साधलं नाही, त्याबद्दल लिहायचं आहे.

आज्या लहानपण भरभरून सांगतात. चिंचेचं झाड, शाळेतले गुरुजी, बापाने जत्रेतून आणलेल्या बांगड्या, भावाला मिळालेलं आणि आपल्याला न मिळालेलं दूध. त्यात काही उकरून काढावं लागत नाही. मग एक वाक्य येतं: ‘मग लगीन झालं.’ त्याच्या पुढचं वाक्य असतं, ‘थोरला धावीला व्हता तवा…’ मधली पंधरा-सोळा वर्षं गायब. शेतकऱ्याघरची असो, गिरणी कामगाराघरची असो, भटाब्राह्मणाची असो, खड्डा नेमका तिथेच. नातवंडांनी तर ‘तरुणपण’ मागितलेलं असतं, आणि माझ्या हातात आधी परकरातली मुलगी असते आणि एकदम तीन मुलांची आई.

या खड्ड्याचा मी फार विचार केला आहे. नवऱ्याचं नाव घ्यायचा संकोच, हे एक कारण झालं. त्याहून मोठं कारण वाचकाचं आहे. आजीचं पुस्तक वाचणार घरातलीच माणसं. ज्या दिराने त्रास दिला त्याचाच मुलगा प्रकाशनाला हार आणणार. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त संसारातली भांडणं, रुसवे, ताटातूट सगळं मोकळेपणी आलं आहे, पण ते चार भाग 1934 ते 1936 या काळात आले आणि त्यांचे पती टिळक 1919 मध्येच गेले होते. शिवाय लेखणी बाईंच्या स्वतःच्या हातात होती. बेबीताई कांबळेंनी ‘जिणं आमुचं’ घरच्यांपासून लपवून लिहिलं. वस्तीतल्या सासुरवाशिणींचे हाल त्यांच्याइतक्या धीटपणे फार थोड्यांनी लिहिले असतील. तरी नवऱ्याने त्यांना स्वतःला केलेली मारहाण त्या पुस्तकात नाही. ती फार पुढे, माया पंडित यांनी इंग्रजी भाषांतराच्या वेळी घेतलेल्या मुलाखतीत बोलली गेली. एवढ्या ताकदीच्या बाईनेसुद्धा ती वर्षं पुस्तकाबाहेर ठेवली, तर माझ्यासमोर फरशीवर पाय पसरून बसलेल्या आजीकडून मी काय अपेक्षा करावी?

आणि बहिणाबाई चौधरींचं पाहा. त्यांना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरातल्या आणखी एका मुलाने उतरून घेतली म्हणून गाणी राहिली. त्या 1951 मध्ये गेल्या आणि पुस्तक 1952 मध्ये आलं. उतरून घेणारा मुलगाच असेल तर आई काय गाईल आणि काय गिळून टाकेल, हा प्रश्न मला त्या पुस्तकापाशी नेहमी पडतो. हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखावर ओव्या जमवल्या. त्यांत सासर उघडं बोललं आहे, कारण ओवी कुणा एकीची नसते. दळणारी बाई तिच्या आड बसू शकते. पुस्तकावर मात्र आजीचं नाव असतं, फोटो असतो. आड बसायला जागाच नाही.

हल्ली आठवणींची पुस्तकं काढून देणारे बरेच झाले आहेत. त्यांचा छापील प्रश्नांचा कागद असतो: आवडता सण कोणता, आवडता पदार्थ कोणता, पतीशी पहिली भेट कुठे झाली. आजी बिचारी परीक्षेला बसल्यासारखी उत्तरं देते आणि गुळगुळीत कागदावर फोटोंसकट ते छापून येतं. मला याचा मनापासून राग येतो. ज्या बाईने खाऱ्या जमिनीत आयुष्य काढलं तिला ‘आवडता पदार्थ’ विचारून परत फिरायचं? दुसरे काहीजण बोली जपतो म्हणून प्रत्येक वाक्यात आगरी शब्द खच्चून भरतात. आजी मुलाशी एक बोलते, तलाठ्याशी दुसरं, माझ्याशी तिसरं. ते तिन्ही ऐकू यायला हवं. माझ्या पुस्तकांत ते येतं, असं मला वाटतं. घरच्यांनी ‘आजी अगदी अशीच बोलते’ म्हटलेलं मी अजून मनात जपून ठेवलं आहे, जरी त्यातली पुष्कळ वाक्यं मीच बसवलेली होती.

सालं विचारू नयेत, हे तर या कामातल्या कुणालाही ठाऊक असतं. पाटणकडून आलेल्या आजीचं लग्न कोयनेच्या भूकंपाच्या पुढल्या उन्हाळ्यात झालं म्हटलं की 1968 लिहायचं. लाल मिलो खाल्ला म्हणाली की बहात्तरचा दुष्काळ. लालबागला खानावळ चालवणाऱ्या एक आजी होत्या. त्यांची सगळी तारीखवारी डब्यांवर चाले. चाळीस डबे होते तेव्हा धाकटी झाली, आणि 1982 च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाल्यावर डबे उतरत उतरत सहावर आले तेव्हा दिव्यात खोली घेतली. त्यांचं तरुणपण त्या डब्यांतूनच मला मिळालं. कुणाचा डबा उधारीवर होता, कुणाला कांदा चालत नव्हता, कोण डबा परत करताना त्यात भाकरीचा तुकडा मुद्दाम ठेवायचा. तेव्हापासून मी ‘लग्नानंतर काय झालं’ असं कधी विचारत नाही. काम कसं करायचा, ते विचारते.

आगासनच्या आजींशीही तेच केलं. त्यांची खारी शेती खाडीच्या अंगाला होती. आता पलीकडे म्हातार्डीला बुलेट ट्रेनचं ठाणे स्थानक व्हायचं आहे. ‘लग्नानंतर काय केलंत’ असं आधी त्यांच्या नातवाने विचारून पाहिलं होतं. ‘काय करनार, काम,’ एवढंच उत्तर. मी विचारलं, निवट्या कशा धरायच्या?

आजी सरसावून बसल्या. ओहोटीला खाडीत उतरायचं, लुगडं वर खोचून. चिखल मांडीपर्यंत. निवटीच्या बिळाला दोन तोंडं असतात. एका तोंडावर टाच घट्ट दाबून धरायची आणि दुसऱ्यात खांद्यापर्यंत हात घालायचा. त्यांनी फरशीवर टाच रोवली, पदर मागे सारला आणि हात पलंगाखाली घालून दाखवला. ‘हात घाई नाय करायचा. बोटांना ती लागली की मग मूठ.’ थोरली जाव शिकवायला होती. नव्या नवरीला बीळ दिसेना, दिसलं तर त्यात चिंबोरी निघायची आणि बोट धरायची. जाव हसायची. भरती फिरली की आधी पायाला कळतं, डोळ्यांना मागाहून दिसतं, हेही जावेनेच दाखवलं. सतरा-अठरा वर्षांच्या दोन मुली चिखलात एकमेकींना ओढून काढताहेत, असं तरुणपण तिथे पहिल्यांदा माझ्यासमोर उभं राहिलं. सालही मिळालं. जाव वेगळी झाली ‘गाड्या बंद व्हत्या तवा’. म्हणजे मे 1974 चा रेल्वे संप. तेव्हा सगळ्याच गाड्या थांबल्या नव्हत्या, पण रुळाकाठच्या माणसाला तेवढी शांतताही पुरेशी जाणवली असणार.

दिव्यात रेकॉर्डिंग म्हणजे गाडी आलीच. 1 मे 1854 ला ठाणे-कल्याण लोहमार्ग सुरू झाल्यापासून इथली माणसं गाडीच्या आवाजात बोलत आली आहेत. 2022 पर्यंत पारसिकच्या बोगद्यातून येणारी जलद गाडी, मुंब्र्याला वळसा घालून येणारी धीमी, पनवेलकडची, वसईकडची, कोकणची, आणि 2022 पासून पाचवी-सहावी मार्गिका. गाडी जाताना माणूस थांबतो आणि गाडी गेल्यावर धागा भलतीकडून उचलतो. निदान मी तरी आजवर असंच धरून चालले. टंकताना तिथे मी कंसात ‘गाडी’ लिहायची आणि पुढे जायची.

मुलगी आगासनच्या आजींचं रेकॉर्डिंग टंकून घेऊन आली. त्यात कुठेही ‘गाडी’ नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, पण त्या बोलत होत्या ना.

गाडी जात होती तेव्हा आजी थांबल्या नव्हत्या. आवाज खाली घेऊन बोलत होत्या. जाव वेगळी का झाली, त्याआधी घरात काय घडलं, त्यांनी काय पाहिलं आणि कुणाला सांगितलं नाही, सगळं त्या एका मालगाडीच्या आवाजाखाली होतं. गाडी संपली आणि त्या नेहमीच्या आवाजात निवट्यांच्या कालवणाकडे वळल्या. त्या काय बोलल्या ते मी इथे लिहिणार नाही.

मला त्या दिवशी मत्सर वाटला, आणि तो अजून गेलेला नाही. जे मी इतकी वर्षं शोधत होते ते एका विशीतल्या मुलीने हेडफोन लावून पहिल्याच फेरीत ऐकलं. माझा कान धडधाकट होता तेव्हाही मी गाडीच्या खाली कधी ऐकलं नव्हतं; गाडी म्हणजे विश्रांती समजून मी वहीत पुढचा प्रश्न मांडत बसायची. जुन्या कॅसेटींत आणखी कुणी कुणी तसं बोलून ठेवलं असेल, या विचाराने झोप उडते. त्यातल्या बऱ्याच आज्या आता नाहीत.

मुलीचं म्हणणं, हे पुस्तकात घालायचं. बोलल्या म्हणजे सांगितलं. माझं म्हणणं, ज्या आवाजात कुणाला ऐकू येणार नाही तो आवाज त्यांनी निवडला. सांगितलं कुणाला हे आधी ठरवलं पाहिजे. आमचा चांगलाच वाद झाला. तिला मी भित्री वाटले. मला ती उतावळी वाटली. शेवटी टंकलेली दोन पानं घेऊन आम्ही दोघी आगासनला गेलो, नातू कामावर असतानाची वेळ बघून.

मुलीने वाचून दाखवलं. आजींनी मान खाली घालून सगळं ऐकलं. ‘मी कधी बोलले’ असं त्यांनी विचारलं नाही. एक दुरुस्ती सांगितली: दार मागचं नव्हे, गोठ्याकडचं. मग म्हणाल्या, ‘राहू दे. पन थोरली हाय तवर नको.’ आणि चहा टाकायला उठल्या.

तेवढ्यात थोरली जाव आलीच. शेजारच्या गल्लीत राहतात, संध्याकाळी रोज येतात. एकीने दुसरीला बशी ओतून दिली. पानं मुलीच्या पिशवीत होती.

पुस्तक ती पानं वगळून छापायला गेलं आहे. वाचणाऱ्याला ते पुरं वाटेल. लग्न, निवट्या, जाव, मग थोरला दहावीला. जोडकाम मी नीट केलं आहे, ते जमतं मला. त्यावर माझं नाव आहे आणि या वेळी प्रथमच ते काढून टाकावंसं वाटलं होतं. काढलं नाही.

वगळलेली दोन पानं दुरुस्तीसकट मुलीकडे आहेत, कारण आमच्या तिघींत जास्त जगणार तीच आहे. आजींना ते सांगितलं; त्यांना पटलं.

त्या संध्याकाळी जाव निघताना दारातून म्हणाल्या, हिचं लिवलंत, माझं कवा लिवनार? पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे जायचं ठरलंय. गाडीचं वेळापत्रक मुलीने काढून ठेवलं आहे, मालगाड्या साधारण कधी जातात त्याचा अंदाजसुद्धा. मोठ्या आवाजाची वेळ टाळायची की मुद्दाम तीच धरायची, यावर आमचं अजून एकमत नाही. रेकॉर्डर तिच्या हातात राहील, हेडफोन तीच लावील. प्रश्न मात्र मी विचारणार. तेवढं तिला अजून देत नाही.