कामशेतच्या डोंगरावर वाऱ्याची वाट पाहताना

"अम्मी, तू नुसती पर्स सांभाळायला येणार असशील तर मी मैत्रिणींबरोबर जाते." लेकीच्या या एका वाक्यामुळे वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी पॅराग्लायडिंगला नाव नोंदवले. सासूबाईंना मात्र "कामशेतला डोंगर बघायला जातोय" एवढेच सांगितले. खोटे नव्हते, पण पुरतेही नव्हते.

पुण्याहून लोणावळ्याची लोकल धरली की वाटेत कामशेत लागते. इंद्रायणी तांदळाचा हा मावळ. जानेवारीत भाताची कापणी होऊन खाचरे मोकळी पडलेली असतात. म्हणूनच उडणाऱ्यांना उतरायला जागा मिळते. पावसाळ्यात हे सारे बंद.

नवशिक्याला एकट्याला उडवत नाहीत. पायलट मागे बसतो आणि आपल्याला त्याच्या पुढे पट्ट्यांनी बांधतात. हे समजल्यावर मी फोनवर जरा चाचरतच विचारले होते, "बाई पायलट आहे का?" पलीकडून सहज उत्तर आले, "आहेत. आधी सांगितलंत ते बरं झालं, त्यांची वेळ ठेवतो." भगिनींनो, विचारायला लाजू नका. ओढणीची टोके जॅकेटमध्ये खोचावी लागतात, वरून हेल्मेट येते. पायात सँडल चालत नाही, बूट हवेत. फॉर्मवर वजन खरे लिहायचे, कारण पंख केवढा लावायचा ते वजनावरून ठरते. मी तीन किलो कमी लिहिले होते, ते गुपचूप खोडून दुरुस्त केले.

हा पंख म्हणजे नुसते कापड. हँगग्लायडरला अॅल्युमिनियमचा सांगाडा असतो आणि माणूस त्याखाली पालथा लटकतो. इथे सांगाडा नाही. कापडाच्या पुढच्या कडेला तोंडे असतात, त्यांतून हवा आत शिरली की कप्पे फुगतात आणि पंखाला आकार येतो. डोंगराच्या उतारावर आपटून वारा वर चढतो, तो माणसाला तोलून धरतो. तेव्हा सगळा खेळ वाऱ्याचा.

सना पहिली गेली. उतारावर चार पावले पळाली आणि पाचव्या पावलाला खाली जमीनच नव्हती. माझ्या तोंडून "या अल्लाह" एवढेच निघाले. तिला खाली खाचरात उभी पाहीपर्यंत मी श्वास घेतला की नाही, आठवत नाही.

माझी पाळी आली आणि वारा वाढला. पायलटबाईंनी काठीला बांधलेल्या कापडी नळीकडे पाहिले. "आत्ता नाही, काकू. थांबू या." मला हायसे वाटले. मग हायसे वाटल्याचाच राग आला. आणखी दोघे-तिघे वैतागले, पैसे भरल्याचे बोलून दाखवू लागले. बाई शांतपणे पाणी पीत बसल्या. असरची वेळ झाली, ती मी तिथेच चटईवर अदा केली.

वेळ जावा म्हणून त्यांना अब्बास इब्न फिरनासची हकिकत सांगितली. मी दरवर्षी सातवीला ती सांगते. नवव्या शतकात कुर्तुब्यात, म्हणजे आजच्या स्पेनमधल्या कोर्डोबात, हा विद्वान उतारवयात अंगाला पिसे लावून उडाला. काही अंतर तरंगत गेला, पण उतरताना पाठ दुखावून बसला. पक्षी शेपटीच्या आधाराने उतरतो, ही गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती, असे पुढे इतिहासकार अल-मक्करीने लिहून ठेवले. आज चंद्रावरच्या एका विवराला त्याचे नाव आहे. बाई हसल्या. "आमच्याकडेही तेच, काकू. उडता कुणालाही येतं. शिकवताना निम्मा वेळ उतरण्यातच जातो."

दीड तासाने नळी थोडी मवाळ झाली. "पळायचं, मधेच बसायचं नाही," अशी ताकीद मिळाली. बिस्मिल्ला म्हणून पळाले.

वर वाऱ्याचा आवाज आहे, पण इंजिनाची घरघर नाही. खाली शेळ्या, कुणाच्या तरी अंगणातले वाळवण, लांब कुठे पाण्याचा चकाकता तुकडा. डाव्या हाताला एक घार पंख न हलवता गोल फिरत होती. "तिला वर उचल मिळतेय," म्हणत बाई तिच्याकडे वळल्या आणि पोटात खड्डा पडला, पण आम्ही वर गेलो. लहानपणी गच्चीवर भाईजान पतंग उडवायचे आणि मी फिरकी धरून उभी असायची. मांजा हातात कधी मिळाला नाही. तेव्हाही डोक्यावर अशीच घार असायची.

उतरताना "पाय वर घ्या!" असा आवाज आला. बाईंनी दोन्ही दोऱ्या खाली ओढल्या, पंख थबकला, आणि मी खाचरात सपशेल बैठक मारली. सलवारीला माती, बाकी पाठ शाबूत.

लोकलमध्ये सासूबाईंचा फोन आला. सनाने फोन माझ्या कानाला लावला आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसली.

"काय गं, डोंगर बघितला का?"

"बघितला, अम्मा. वरून बघितला."

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाल्या, "घरी ये, मग बघते तुला. आणि फोटो काढलेत की नाही?"