निर्दोष, तरीही मुचलका

बांधाच्या तंट्यात कुऱ्हाड उगारून आलेल्या भाऊबंदाला ज्याने हातातल्या काठीने थोपविले, त्या शेतकऱ्यास साक्षीपुरावा होऊन कोर्टाने निर्दोष सोडले म्हणजे सरकारदरबारी त्याचे प्रकरण मिटले, अशी आपली भाबडी समजूत असते. परंतु निकालाची नक्कल हाती पडते न पडते तोच तहसील कचेरीची नोटीस येते, आणि वर्षभर शांतता राखण्याचा मुचलका तुजकडून का घेऊ नये, याचे कारण दाखविण्यास त्याला हजर व्हावे लागते. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या संहितेत 1 जुलै 2024 पासून या नोटिशीचे जुने कलम 107 हे कलम 126 झाले असले, तरी गावाच्या तोंडी ती अद्याप ‘एकशे सातची’च आहे.

प्रतिबंधाच्या या अधिकाराची मी सरसकट निंदा करणार नाही. खटला झाल्या गोष्टीचा न्याय करतो, मुचलका होऊ घातलेल्या गोष्टीचा बंदोबस्त करतो, आणि निर्दोष सुटकेने भाऊबंदकी विझत नाही, हे कोणताही पोलीस पाटील सांगेल. इंग्लंडात तर 1361 च्या कायद्यापासून चालत आलेल्या या अधिकाराखाली सुटलेल्या आरोपीलाच काय, साक्षीदारालाही बांधून घेता येते. आपला कायदा अधिक विवेकी आहे: खटला चालविणाऱ्या कोर्टाने तीन वर्षांपर्यंतचा मुचलका घ्यावा तो दोष शाबीत झाल्यावरच, आणि अपिलात ती शिक्षा रद्द झाली, तर मुचलकाही आपोआप रद्द. कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा मार्ग निराळा. त्याला दोषसिद्धी लागत नाही, पण शांतताभंगाच्या संभवाची माहिती लागते. समाजवादी नेते मधु लिमये यांच्या खटल्यात 1970 साली सर्वोच्च न्यायालयाने संहितेतला मुचलक्याचा हा अध्याय घटनेशी सुसंगत ठरविला खरा. मात्र माहितीच्या सत्यतेची चौकशी सुरू केल्यावाचून अंतरिम मुचलका मागता येणार नाही, असेही बजावले.

कचेरीच्या व्हरांड्यात मात्र कुऱ्हाडवाला आणि काठीवाला एकाच बाकावर बसतात, दोघांपुढे एकच छापील नमुना येतो, आणि ‘उभय पक्षांत वैमनस्य असून’ या ठरीव वाक्याखाली दोघेही सही करतात. ही समदृष्टी नव्हे, हा आळस आहे. आक्रमकापुढे भेकडासारखे वागावे अशी कायद्याची अपेक्षा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली म्हटले. बचावाला आवश्यक तेवढ्याच बळाची मर्यादा ज्याने पाळली, असे कोर्टानेच ठरविले, त्याच्याकडून त्याच एका घटनेवर शांततेची हमी मागणे म्हणजे निकाल मागच्या दाराने फिरविणे होय. मुचलक्याने आत्मसंरक्षणाचा हक्क बुडत नाही; पण सही करून घरी परतणाऱ्याला हे कोण समजावतो? पुन्हा कुऱ्हाड उगारली गेली, तर तो क्षणभर कचरणार, आणि तो क्षण कुऱ्हाडीच्या पथ्यावर पडणार.

अशी नोटीस आल्यास निकालपत्राची नक्कल दाखल करावी आणि सुटकेनंतरची नवी माहिती कोणती, ते विचारावे. मिळालेल्या माहितीचा सारांश, रक्कम आणि मुदत लेखी आदेशात नमूद करणे नव्या संहितेच्या कलम 130 अन्वये दंडाधिकाऱ्यावर बंधनकारक आहे.