आधी धुणं, मग डांबरगोळी

थंडी सरली की स्वेटर-शाली डांबरगोळ्यांच्या भरवशावर ट्रंकेत जातात. मला वाटतं, हा भरवसा चुकीच्या जागी आहे. लोकर कुरतडते ती पतंगाची अळी. पूर्ण वाढलेला पतंग कापड खात नाही. आणि अळी आधी लागते ती घामाच्या, अन्नाच्या डागांना. म्हणजे खरा बचाव आहे धुऊन पूर्ण वाळवण्यात. ‘डांबरगोळ्यांनी पिढ्यानपिढ्या कपडे टिकले’, असं कुणी म्हणेल. पण नॅफ्थलीनची वाफ बंदिस्त जागेत दाटली तरच अळी मरते. सैल झाकणाच्या ट्रंकेत उरतो नुसता वास. शिवाय जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्या तान्ह्या बाळाच्या तांबड्या पेशी या वाफेने फुटू शकतात.

मग हवाबंद प्लास्टिक? त्यात कीड शिरत नाही हे खरं, पण लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा हाताला न जाणवता धरते. कोकणातल्या आषाढात बंद केलेल्या शालीला बुरशी येणारच. म्हणून बांधाबांध मे महिन्याच्या कोरड्या हवेत उरकावी. बांधताना आत सुती कापड, बाहेर प्लास्टिक हा क्रम राखावा. अंड्यांची शंका असेल, तर पिशवीत बांधून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवणं कोणत्याही गोळीपेक्षा खात्रीचं.